एकटा सोडलेला कॅमेरा

सरोजताईंची स्कूटी परवा विकली गेली. सांगलीहून त्यांचा भाचा आला होता. दोन दिवसांत त्याने आपल्या समोरची वरची खोली रिकामी केली, किल्ली घरमालकाच्या हातात दिली आणि जाताना मला विचारलं, "काकू, मावशीची काही आठवण हवी का तुम्हाला?" मी म्हटलं, तिच्या सगळ्या फिल्म माझ्याकडेच आहेत, आणखी काही नको. तो गेला आणि मी दुपारभर नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. असं मी कधी करत नाही. शेवटी टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि हे लिहायला घेतलं.

ओम, तू तुझ्या शाळेत जी पक्ष्याची छोटी फिल्म दाखवलीस आणि खालची इंग्रजी वाक्यं माझ्या आजीची आहेत असं ऐटीत सांगितलंस, ती फिल्म या बाईंची. अनिका, तुला त्या अंधुक आठवत असतील. तू लहानपणी सुट्टीत आलीस की तुला स्कूटीवर पुढे उभं करून त्या किल्ल्याला फेरी मारून आणत आणि परत आल्यावर मला सांगत, "पोरगी रडत नाही, चांगली आहे." तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून हे बाबाकडून वाचून घ्या. मधलं हिंदी तो अगदी झाशीच्या चालीवर वाचेल.

सरोजताई बसत नसत. चहा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने पीत, अर्धा कप झाला की अंगणात एक फेरी मारून येत आणि उरलेला तुळशीपाशी संपवत. हेल्मेट काढत नसत, कारण काढलं की परत घालावं लागतं. सत्यनारायणाला बोलावलं तर येत, पण कथा चालू असताना ओसरीवर येरझारा घालत आणि मधेच आत डोकावून विचारत, "साधुवाण्याची नाव बुडाली का?" बुडाली असली तर प्रसाद घेऊन जात, नसली तर आणखी एक चक्कर मारून येत. "बसा हो जरा" म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं. "ड्रॉइंग बोर्डासमोर सगळी नोकरी बसून काढली वहिनी. आता उरलेलं उभ्याने."

शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात त्या ड्रॉइंग विभागात होत्या. ऐन तरुणपणी सांगलीहून एकट्या आल्या, एकट्याच राहिल्या आणि रिटायर झाल्यावर परत जाण्याऐवजी कारखान्याची वसाहत सोडून माणिक चौकाजवळच्या आपल्या गल्लीत खोली घेतली. आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे. आमची मराठी ऐकून त्या हसायच्या, त्यांचं हिंदी ऐकून आम्ही. एकदा मी विचारलं, सांगलीला का नाही गेलात? म्हणाल्या, "तिथे सगळे बसलेले असतात."

फिल्मचं वेड कसं लागलं तेही सांगते. एका संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर आफ्रिकेतले सिंह चालले होते. सरोजताई दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. म्हणजे त्यांच्या मानाने बऱ्याच वेळ बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "हे सगळं एवढ्या लांब जाऊनच काढायचं असतं का? आपल्या किल्ल्याच्या तटाखाली मुंगसांचं अख्खं घराणं राहतं. त्यांची कुणी चौकशी केली आहे का?" आजोबा म्हणाले, "तुम्ही करा." हे त्यांनी चेष्टेने म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात सरोजताईंकडे कॅमेरा होता.

त्यांची पहिली फिल्म पाहून मला भोवळ आली. तट दिसायचा, मग आकाश, मग त्यांचा सँडल, मग परत तट.

"मुंगूस कुठे आहे?" मी विचारलं.

"काय हो वहिनी, आत्ताच तर गेलं."

"मला नाही दिसलं."

"तुम्ही पापणी मिटलीत."

मी पापणी मिटली नव्हती. मुंगूस जिथे असेल तिकडे कॅमेरा वळेपर्यंत ते दुसरीकडे जात होतं आणि कॅमेरा एका जागी धरून वाट बघणं या बाईंना जमत नव्हतं. प्राण्यांची फिल्म काढायची तर तासन्‌तास दगडासारखं बसावं लागतं, हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. त्या मान हलवत आणि निघून जात.

त्यांची सुटका झाशीजवळच्या बरुआसागरला झाली. तिथल्या तलावाकाठी तिकाटण्यावर कॅमेरा लावून त्या बगळ्याची वाट बघत होत्या. थोड्या वेळाने पायांत मुंग्या आल्या म्हणून उठल्या, बाजाराकडे गेल्या, आल्याचा भाव विचारला, झाशीची बस वेळेवर का सुटत नाही यावर कंडक्टरशी वाद घातला, चहा घेतला आणि परत आल्यावर लक्षात आलं की कॅमेरा चालूच राहिला आहे. घरी येऊन पाहिलं तर एक मोठा जांभळा बगळा फ्रेमच्या मधोमध येऊन उभा राहिला होता, त्याने साप पकडला होता, गिळायला चांगला वेळ घेतला होता आणि नंतर गळ्यातला फुगवटा उतरेपर्यंत तिथेच थांबला होता. कॅमेरा जराही हलला नव्हता.

"बघा," सरोजताई मला म्हणाल्या, "मी असले की पक्षी नाही. मी गेले की पक्षी."

तेव्हापासून हीच त्यांची पद्धत झाली. जागा नीट हेरायची, कॅमेरा लावायचा, वर जुनं पोतं आणि पालापाचोळा टाकायचा आणि तिथून निघून जायचं. त्या वेळात त्या शेतांच्या बांधावरून मैलोनमैल चालायच्या. गावातली माणसं त्यांना ओळखायला लागली होती. "कैमरा वाली दीदी जी आ गईं," असं म्हणत, आणि त्यांच्या कॅमेऱ्याला कुणी हात लावत नसे.

या पद्धतीत एकच अडचण होती. तासन्‌तास रिकाम्या तलावाचं चित्रण जमायचं आणि ते बघायला बसण्याची शक्ती सरोजताईंच्या अंगात नव्हती. ते काम माझ्याकडे आलं. मी इंटर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, दुपारची मोकळी. समोर कॉम्प्युटर, मांडीवर निवडायचे तांदूळ किंवा मटार. सरोजताई मागे फेऱ्या मारत विचारायच्या, "आलं का काही?"

"काही नाही. म्हैस."

"मग?"

"म्हैसच. आता गेली. काही नाही. काही नाही. थांबा, खंड्या."

"कुठे?" असं म्हणून त्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून वाकायच्या. खंड्या मासा घेऊन उडाला की त्याही दाराकडे. "चला, पुढे."

मग मी फिल्मसाठी मराठी आणि इंग्रजी वाक्यं लिहायची. इथे आमची भांडणं व्हायची. मी आयुष्यभर मुलींना विशेषणं शिकवली आणि ही बाई माझी विशेषणं तण उपटावं तशी उपटायची. "'बिचारा' काढा. तो बिचारा आहे असं त्याने सांगितलंय का तुम्हाला? 'सुंदर' काढा. दिसतंय ना लोकांना. 'जणू काही' काढा." संगीत तर नाहीच. एकदा लखनौच्या एका गृहस्थांनी कळवलं की फिल्म चांगली आहे, मागे थोडी बासरी हवी. सरोजताईंनी मला उत्तर सांगितलं, "लिहा, तलावावर बासरी वाजत नव्हती." मी ते सभ्य इंग्रजीत लिहून पाठवलं.

फिल्म तयार झाली की त्या खेड्यांतल्या शाळांमध्ये नेऊन दाखवायच्या. भिंतीवर चादर ठोकायची, खिडक्यांना सतरंज्या लावायच्या. एका शाळेत मी बरोबर होते. बेडकांवरची फिल्म चालली होती. एका मुलीने मोठ्याने विचारलं, "दीदी जी, ईमें शेर कब आहै?"

"नहीं आएगा," मागून येरझारा घालत सरोजताई म्हणाल्या.

"बाद में?"

"बाद में भी नहीं। शेर को झांसी आना ही नहीं है। मेंढक देखो, वो घर का आदमी है।"

मुलांना ते फार आवडलं. पुढे त्या शाळेत बेडूक दिसला की "घर का आदमी" असं ओरडत असत, असं मास्तरांनी सांगितलं.

आता त्या पावसाळ्याकडे येते. श्रावण लागला होता. आजोबा सकाळी ओसरीवर पेपर वाचत होते आणि सरोजताई हेल्मेटसकट फाटकातून आत आल्या.

"अण्णा, तो अर्ज मागे घ्या."

"कोणता अर्ज?"

"लक्ष्मी तालाच्या सफाईचा. तुमची सही आहे त्याच्यावर."

"आधी आत तर या."

"आत काय यायचंय? तिथे घाटाजवळ नर अंड्यांवर बसलाय."

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "कोण बसलाय?"

तो कमळपक्षी होता. इथे त्याला जलमोर म्हणतात. तुम्ही फिल्ममध्ये पाहिलाच आहे, लांब काळी शेपटी, पांढरे पंख, मानेला सोनेरी पट्टा, आणि पायाची बोटं एवढी लांब की तरंगत्या पानांवरून चालत जातो. त्याची मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं आणि पिल्लं वाढवणं सगळं बापाकडे. महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या घाटापासून थोड्या अंतरावर, जलकुंभीच्या, म्हणजे जलपर्णीच्या, तरंगत्या गालिच्यावर, त्याची चार तपकिरी चकचकीत अंडी होती. नेमकी तीच जलकुंभी काढून टाकावी म्हणून आपल्या मराठी मंडळाने पालिकेकडे अर्ज केला होता आणि मंडळाचे कार्यवाह आजोबा होते.

अर्जाला कारण होतं. आदल्या वर्षी विसर्जनाला मंडळाचे अध्यक्ष तात्या मूर्ती घेऊन पाण्यात उतरले. जलकुंभीखाली पायरी दिसली नाही आणि मांडीचं हाड मोडलं. मूर्ती त्यांनी सोडली नाही, म्हणून जास्तच लागलं. अजून काठीशिवाय चालत नव्हते.

"यंदा कुणाचं डोकं फुटलं तर मी काय सांगू?" आजोबा म्हणाले. "पक्षी बसला होता?"

सरोजताईंनी अंगणात एक फेरी मारली. "पिल्लं निघेपर्यंत थांबा. निघाली की ती लगेच चालायला लागतात. मग काढा सगळं."

"मशीन दुसऱ्या गावाहून येतंय. ते आपल्यासाठी थांबत नाही."

"समिती कधी बसते?"

"रविवारी."

"मी दाखवते मग रविवारी," असं म्हणून त्या गेल्या. चहा तसाच राहिला.

दाखवायचं म्हणजे आधी काढायला हवं, आणि इथे त्यांची पद्धत उपयोगाची नव्हती. घाटावर सगळा दिवस धुणं, शेळ्या, येणारे-जाणारे. कॅमेरा एकटा सोडला तर संध्याकाळी मिळण्याची खात्री नाही. म्हणजे होडीत कॅमेऱ्याबरोबर बसायला हवं होतं. शिंगाड्याची शेती करणाऱ्या रामसेवकची होडी त्यांनी घेतली. एक दिवस मीही गेले. तो दिवस माझ्या चांगलाच लक्षात आहे. सरोजताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. पायाची बोटं सारखी हलत होती. जबडा हलत होता. होडीच्या कडेला बारीक लाटा उठत होत्या.

"दीदी जी, तनक थिर रओ," रामसेवक कुजबुजला, "नाव डोल रई।"

"मैं तो बैठी हूँ।"

"बैठी हो, पै चल रई हो।"

मी तोंडावर पदर धरला. सरोजताईंनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांना जमत होतं, असं दिसलं. कॅमेरा चालू, पक्षी अंड्यांवर, आणि त्या डोळे मिटून. अशा रीतीने त्यांनी ती फिल्म काढली, स्वतः न बघता.

दुसऱ्या दिवशी मी गेले नव्हते. दुपारी त्या आल्या, टेबलावर कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "बघा." मागे फेऱ्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

मी पाहिलं. पक्षी अंड्यांवर बसलेला. पंख सावरतो, चोचीने एक अंडं पोटाखाली ओढून घेतो. बराच वेळ हेच. मग फ्रेमच्या कडेला म्हशीचं डोकं. एक माणूस म्हशी धुवायला घेऊन आला होता आणि त्यांतली एक पक्ष्याच्या दिशेने पोहत होती. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून सरोजताईंचा आवाज, "ओ भैया, उधर नहीं, उधर नहीं!" पक्षी उडाला. म्हैस आपली आपणच वळली, तिला तिकडे जायचंच नव्हतं. आणि उघड्या अंड्यांवर कावळा उतरला. त्याने एक उचललं आणि गेला.

मी फिल्म थांबवली.

"हा भाग काढून टाकू," मी म्हटलं.

"का?"

"समितीत तात्या आहेत. ते म्हणतील, पहिलं अंडं तुम्हीच घालवलंत."

"घालवलंच."

"पण सरोजताई, तुम्हाला तो पक्षी वाचवायचा आहे की—"

"वहिनी, मशीन येईल तेव्हा नेमकं काय होईल ते याच तुकड्यात दिसतंय. पक्षी उठला की कावळा येतो. दुसरीकडे कुठे दिसतंय मला सांगा." मग म्हणाल्या, "खाली लिहा, या हाकेने पक्षी उडाला. हाक मी मारली. विशेषण नको."

मी लिहिलं. ओम, तुझ्या वर्गाने वाचलेली वाक्यं ती हीच.

रविवारी मंडळाच्या सभागृहात माणसं भरपूर होती, कारण समितीनंतर पोहे होते. भिंतीवर फिल्म सुरू झाली. बाप अंडी उबवतो हे कळल्यावर बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

"आणि यांची आई कुठे गेली?" तात्यांच्या पत्नीने विचारलं.

"दुसऱ्या घरी," सरोजताई भिंतीला लागून चालत म्हणाल्या. "तिथेही अंडी घालते. तिथेही नरच बसतो."

"अहो, बघून ठेवा," कुणीतरी नवऱ्याला म्हणालं आणि सभागृह हसलं. तात्याही हसले. मग म्हैस आली, ती हाक आली, कावळा आला, आणि खाली माझी दोन वाक्यं.

दिवे लागल्यावर तात्यांनी काठी जमिनीवर दोनदा टेकवली. "म्हणजे मशीन यायच्या आधीच एक तुम्ही घालवलंत."

"हो."

"आणि उरलेली आम्ही सांभाळायची."

"हो. तीन आहेत."

मला वाटलं, संपलं. आजोबा पायांच्या बोटांकडे बघत होते. तात्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "सरोजताई, माझं तुमच्या पक्ष्याशी भांडण नाही. मला पायरी हवी. गणपती घेऊन उतरताना पायरी दिसली पाहिजे. तेवढं सोडून तुम्ही अण्णांबरोबर काय ते ठरवा."

ठरवलं असं की मशीनने लांबच्या काठाकडून सुरुवात करायची, पायऱ्यांसमोरचं पाणी मोकळं करायचं आणि घरट्याभोवतीचा चौकोन सोडायचा. तो चौकोन ठेकेदाराच्या माणसांना कळावा म्हणून सरोजताईंनी नकाशा काढला. तीन पायऱ्यांवरून दोरीने अंतरं मोजली, कागदावर प्रमाण मांडलं, उत्तर दिशेचा बाण काढला, देवळाचा कळस दाखवला. ठेकेदाराचा मुनीम तो हातात घेऊन बघतच राहिला. "मैडम जी, ऐसा नक्शा तो हमारे साहब के पास भी नहीं होगा।" नकाशाप्रमाणे रामसेवकने चार कोपऱ्यांना चार बांबू रोवले, टोकांना लाल फडकी बांधली. आजोबांनी बांबू सरळ आहेत की नाही ते काठावरून एक डोळा मिटून पाहिलं. सगळ्यांना फार बरं वाटलं. एक ड्रॉइंगवाली, एक कार्यवाह आणि एक इंग्रजीची मास्तरीण, आम्ही तिघांनी तळ्यातल्या तरंगत्या गवताला तळाच्या चिखलात रोवलेल्या बांबूंनी कुंपण घातलं होतं, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

मशीन आलं. एखाद्या तरंगत्या ट्रकसारखं, पुढे रुंद पट्टा, त्यावरून जलकुंभी ओढून पोटात घेणारं. काही दिवस ते पलीकडच्या काठाला घरघरत होतं. पक्ष्याला त्या आवाजाची सवय झाली. सरोजताई सकाळी आणि संध्याकाळी जाऊन पाहून येत.

शुक्रवारी सकाळी आजोबा आणि मी महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो होतो. आदल्या दिवशीपासून पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, जोरात सुटली होती. देवळातून बाहेर पडलो तर घाटावर सरोजताई घाईघाईने कॅमेरा लावत होत्या.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. चार बांबू जिथे होते तिथेच, लाल फडकी फडफडत होती, आणि मधे निव्वळ पाणी. वाऱ्याने सगळा गालिचा ढकलून तलावाच्या मधे नेला होता. पक्षी त्यावरच होता, अंड्यांवर. आणि मशीन त्याच्याच रोखाने सरळ येत होतं. मशीनवाल्याला बांबू लांबवर दिसत होते, म्हणजे त्याच्या हिशेबाने तो बरोबर होता.

आजोबांनी फोन लावला. मशीनच्या आवाजात त्याला घंटी ऐकू जाणं शक्य नव्हतं. "हाक मारा," आजोबा म्हणाले, "सरोजताई, तुमचा आवाज मोठा आहे, हाक मारा त्याला."

सरोजताईंनी तोंड उघडलं. मी शेजारीच होते, त्यांनी श्वास आत घेतलेला मी ऐकला. मग त्यांनी स्वतःच्याच हाताने तोंड दाबलं. पक्षी मशीनपेक्षा आम्हालाच जवळ होता. काठावर दोन कावळे होते. त्यांनी कॅमेरा चालू केला, सँडल काढले, आणि गेल्या.

त्या कुठे गेल्या ते मी पाहिलं नाही. त्या नेहमीच जात, आणि मी पक्ष्याकडे बघत होते. मशीनच्या लाटा आता गालिच्यापर्यंत पोचत होत्या. पक्षी उठला. मला वाटलं, उडाला. पण तो उडाला नाही. त्याने एक अंडं चोच आणि छाती यांच्यामध्ये धरलं आणि मागे मागे चालायला लागला. लांब बोटं एकेका पानावर चाचपत, पाठमोरा, अंडं ओढत. दाट पानांपर्यंत नेलं, ठेवलं आणि धावत परत आला. दुसरं घेतलं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. आजोबांच्या हातातला फोन तसाच कानाला होता. दुसरं अंडं पोचलं, पक्षी तिसरंही अर्ध्यावर घेऊन आला, आणि मशीनची घरघर थांबली.

पलीकडच्या पाळेवर, तलावाच्या बांधावर, सरोजताई कमरेवर हात ठेवून वाकल्या होत्या. त्यांची ओढणी मागे बाभळीला अडकून राहिली होती. नंतर तो सांगत होता, "अम्मा ओढनी घुमा-घुमा के दौड़ रई तीं, मों से आवाज नईं। हमने सोची, कोऊ डूब गओ।"

त्या वर्षीचं विसर्जन मोकळ्या केलेल्या पायऱ्यांवरून झालं. तात्या काठी टेकत तिसऱ्या पायरीपर्यंत उतरले. तलावाच्या मधला गालिचा तेवढा राहू दिला होता. कमळपक्ष्याची दोन पिल्लं दिसली. तिसऱ्याचं काय झालं ते कळलं नाही, आणि फिल्ममध्ये आम्ही तसंच लिहिलं.

फिल्म जुळवताना आमचं शेवटचं भांडण झालं. पक्षी अंडी नेतो तो भाग त्यांनी अर्ध्यावर तोडला, दुसऱ्या अंड्यापाशी. तिसरं अंडं नेतानाचं चित्रण जास्त चांगलं होतं, अधिक स्पष्ट. मी तसं म्हटलं.

"नको. मागे मी येते."

"मग येऊ दे ना. एवढ्याशा तर दिसता."

"माणूस हललं की बघणाऱ्याचा डोळा तिकडेच जातो. पक्षी राहतो."

"आणि ती हाक तेवढी ठेवायची?"

"ती ठेवायची," त्या म्हणाल्या. "चला, पुढे."

मागच्या थंडीत त्या आजारी पडल्या. दवाखान्यात त्यांना पलंगावर ठेवणं नर्सना जमलं नाही. सलाइनचा स्टँड ढकलत त्या वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. मी डबा घेऊन गेले की डबा खिडकीवर ठेवून माझ्याबरोबर फेरी मारत आणि विचारत, गिधाडं जुन्या राजांच्या समाध्यांच्या छत्र्यांवर आली का, कॅमेरा नीट पुसून ठेवला आहे ना. एक दिवस मी पोचायच्या आधीच त्या गेल्या होत्या. पलंगाची चादर बदललेली होती. शेवटचं मी त्यांना पाहिलं असं म्हणता येत नाही.

म्हणून काल दुपारी मी तो कापलेला भाग लावला. तांदूळ घेतले नाहीत, नुसती बसले. समोर पक्षी आहे, मोठा, स्पष्ट. तिसरं अंडं छातीशी धरून तो मागे पाऊल टाकतो. आणि त्याच्या पाठीमागे, तलावापलीकडच्या पाळेवर, उजव्या कडेने सरोजताई येतात. काडीएवढ्या. अनवाणी, हातातली ओढणी फिरवत, तोंड मिटलेलं. धावताना एकदा पडतात, हात टेकून उठतात, मागे बघत नाहीत. ओढणी बाभळीला अडकते, ती तशीच सोडून पुढे जातात. मशीन अजून घरघरतंय. पक्षी एका पानावर थांबतो, अंडं सावरतो, पुन्हा मागे निघतो. सरोजताई डाव्या कडेने चित्राबाहेर जातात. पाळ रिकामी होते. पक्षी अंडं ओढतोच आहे.